वरात मावली, लग्न मावलं नाही

युनिक्स ही कॉम्प्युटर चालवणारी मितभाषी व्यवस्था आहे. सांगितलेलं काम नीट झालं तर ती काहीच बोलत नाही. बिघडलं तरच तोंड उघडते, तेही तीन शब्दांपुरतं. हा स्वभाव तिला जन्मापासूनचा. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती घडवायला घेतली, तेव्हा बहुतेक कारभार टेलिटाइप नावाच्या खडखडणाऱ्या यंत्रावर चालायचा आणि ते यंत्र सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापायचं. त्या वेगाने "आपलं काम झालेलं आहे, कळावे, लोभ असावा" असं छापून घेत बसायला सवड कोणाला होती?

आमच्या दारव्हा गावाचा स्वभाव नेमका उलटा. इथे काहीच झालं नाही हे सांगायलाही अर्धा तास लागतो. "काय चालू हाय?" या प्रश्नाला "काई नाई" असं उत्तर देणारा माणूस ते देता देता तुरीचा भाव, यंदाची बोंडअळी आणि यवतमाळच्या रस्त्याचं काम एवढे मुक्काम करून परत येतो. अशा गावात, पुतणीच्या लग्नाच्या फिल्मचं निमित्त होऊन, युनिक्सच्या घराण्याशी भर बैठकीत गाठ पडली.

स्टुडिओवाल्याने फिल्म एका हार्ड डिस्कवर आणून दिली होती. तीन तास, अकरा जीबी, एकच अखंड फाइल. "तुकडे नाई केले भाऊ, सलग पाहा," असं त्याने अभिमानाने सांगितलं. फाइल एमपीजी नावाच्या जुन्या धाटणीची होती, म्हणजे अर्धी मिळाली तरी अर्धी लागते. आजकालच्या एमपीफोरमध्ये कुठे काय आहे याची अनुक्रमणिका बऱ्याचदा फाइलीच्या शेवटी असते. ती तुटली की तीन तासांचं लग्न असूनही पडद्यावर काही दिसत नाही. जुनी धाटणी म्हणून आमची निदान अब्रू वाचली.

प्रत सगळ्यांनाच हवी होती. दिग्रसच्या विहीणबाई, पुसदच्या आत्याबाई, नेरचे मेव्हणे, सगळे आपापले बत्तीस जीबीचे पेन ड्राइव्ह घेऊन आले होते. घरचा कॉम्प्युटर जुना. त्यावर विंडोजला धाप लागायची, म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने त्यात लिनक्स टाकून दिलं होतं. लिनक्स युनिक्सच्या पोटचं नाही, पण चालीरीती सगळ्या त्याच घरच्या. भाच्याने काळा पडदा उघडला, त्यावर सीपी हा कॉपीचा हुकूम लिहिला आणि एंटर दाबलं. पडद्यावर काहीच झालं नाही.

"सुरू झालं का?" मेव्हण्यांनी विचारलं.

"झालं."

"मंग काई बोलून काऊन नाई रायलं?"

"काम करून रायलं मामाजी. बोलणार नाई ते."

हे कोणालाच पटलं नाही. न बोलता काम करणारं माणूस आमच्या नात्यात कोणी पाहिलेलं नाही, यंत्र तर दूरच. बैठकीत दबक्या आवाजात चर्चा सुरू झाली की ते बंद पडलं असावं. तेवढ्यात यंत्र खरोखरच बोललं. इंग्रजीत, तीन शब्द: "फाइल टू लार्ज." फाइल फार मोठी आहे.

आत्याबाईंचं वय ऐंशीच्या घरातलं. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध रेशन कार्डापुरता. भाच्याने अर्थ सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मोठी म्हंते. कोणाले मोठी? मले त नाई होत."

त्या संध्याकाळी विचारला गेलेला हा एकमेव तांत्रिक प्रश्न. बाकीच्यांनी सल्ले दिले. फाइल मोठी आहे हे यंत्र सांगतं, पण कोणाच्या मापाने मोठी, हे मात्र सांगत नाही. पेन ड्राइव्हच्या? कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमच्या? की ज्याच्या नावाने आपण आत शिरलो त्या माणसाच्या? हा सगळा तपास आपला आपण करायचा. गंमत म्हणजे या वाटेवर भेटणारा प्रत्येक जण खरं बोलतो आणि प्रत्येकाचं उत्तर एकच असतं: आमच्याकडून ओके हाय.

तपासाआधी पेन ड्राइव्हवर काय उतरलं ते टीव्हीवर लावून पाहिलं. फिल्म सुरेख लागली. हळद आली. वरात निघाली. डीजे आला, नवरदेवाचे मित्र आले आणि नाचू लागले. ते खूप वेळ नाचले. बाराव्या गाण्यानंतर घोडा कंटाळलेला स्पष्ट दिसत होता. अखेर मंडपाचं दार आलं, नवरदेवाने घोड्यावरून उतरायला पाय काढला आणि पाय हवेत असतानाच फिल्म संपली. जेमतेम एकाहत्तर मिनिटं. अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत, नवरीचा तर पत्ताच नाही. वरपक्षाचे सगळे पाहुणे चार जीबीत बसले होते आणि आमच्याकडचं एक माणूस त्यात नव्हतं. विहीणबाई म्हणाल्या, "छान आली फिल्म." यावर आमच्याकडून कोणी काही बोललं नाही. युनिक्स काय असतं ते त्या क्षणी आम्हाला कळलं.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. पेन ड्राइव्ह डुप्लिकेट असेल. व्हायरस असेल. तोंडाने फुंकर मारून पुन्हा लावून पाहा. मेव्हणे म्हणाले, "झिप करून टाक न." व्हिडिओ आधीच दाबून बसवलेला असतो. झिपमध्ये तो आणखी चेपत नाही, आणि जुन्या झिपची हद्दही चार जीबीचीच. धाकट्या सुनेने व्हॉट्सॲप सुचवलं. तिथे दोन जीबीच्या वर फाइल जात नाही, म्हणजे हळदीनंतर वरात नीट रंगतही नाही तोच संपलं. ईमेलचं नाव काढणाऱ्याकडे तर भाच्याने नुसतं पाहिलं. तिथे पंचवीस एमबी जातात, आणि आमच्या फिल्मला सेकंदाला एक एमबी लागते. म्हणजे पंचवीस सेकंद. तेवढ्यात घोड्यावर चढूनही होत नाही.

भाचा मात्र पद्धतीने निघाला. आधी डीएफ या हुकमाने पेन ड्राइव्हवर जागा किती ते विचारलं. जागा भरपूर होती. "बत्तीसमधे अकरा मावत नाई म्हंजे काय?" असा गणिती आक्षेप मेव्हण्यांनी नोंदवला आणि तो बिनतोड होता. जागेकडून ओके. त्याने हार्ड डिस्कवरची मूळ फाइल तपासली. अकरा जीबी, शाबूत, शेवटच्या जेवणावळीपर्यंत. तिच्याकडूनही ओके.

मग त्याने यूलिमिट हा हुकूम दिला. युनिक्समध्ये प्रत्येक माणसाला किती मोठी फाइल लिहिता येईल याची मर्यादा घालता येते. आपल्यासाठी काय ठरवलंय ते यूलिमिट सांगतो. आमच्या घरी उत्तर आलं: अमर्याद. मेव्हणे लगेच म्हणाले, "पाहा, घरातच काई शिस्त नाई." पण मोठ्या कचेऱ्यांतल्या यंत्रांवर ही मर्यादा खरीच असते. भाच्याने अशा एका ठिकाणची गोष्ट सांगितली. तिथे आयबीएमच्या एआयएक्स जातीचं युनिक्स होतं आणि बॅकअपची फाइल दर रात्री बरोबर एक जीबीला येऊन थांबायची. एआयएक्समध्ये मुळातच ही मर्यादा २०,९७,१५१ लिहिलेली असते. हा आकडा पाहून सगळे म्हणायचे, वीस लाख म्हणजे पुष्कळ झालं. पण तो बाइटांचा नाही, ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांचा आहे, आणि गुणाकार केला की एक जीबी होतो. मर्यादा काढून टाकायची असेल तर त्या जागी उणे एक लिहायचं. मेव्हणे बँकेतून निवृत्त झालेले. उणे एक म्हणजे अमर्याद, हे ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला.

यूलिमिटचा आणखी एक कायदा ऐकण्यासारखा आहे. वरची पक्की मर्यादा आपली आपल्याला कधीही कमी करता येते, कोणी विचारत नाही. पण एकदा कमी केली की वाढवायला रूट, म्हणजे यंत्राचा मुख्य मालकच लागतो. घरातल्या सगळ्या सुनांनी हे ऐकून एकमेकींकडे पाहिलं.

आणि मर्यादा ओलांडलीच तर? तर प्रोग्रॅमला एक इशारा जातो आणि त्याने तो मनावर घेतला नाही तर तो जागीच मरतो. मरताना रिवाजाप्रमाणे आपल्या स्मरणातलं सगळं एका फाइलीत ओतून ठेवतो, म्हणजे मागून येणाऱ्यांना शवविच्छेदन करता यावं. म्हणजे मोठी फाइल लिहिता आली नाही म्हणून जो मेला, तो जाता जाता आणखी एक मोठी फाइल लिहायला घेतो. तिचीही मर्यादा वेगळी ठरवलेली असते हे सांगायला नको. नियम करणाऱ्याने सगळ्याचा विचार केला होता, फक्त आपला सोडून.

यूलिमिटकडून ओके आल्यावर उरला एकच संशयित. पेन ड्राइव्हच्या आत वहीखातं कसं मांडलं आहे, म्हणजे त्याची फाइल सिस्टिम कुठली? उत्तर आलं: फॅट ३२.

फॅट ३२ ही मांडणी १९९६ सालची, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेली. तिच्या वहीत प्रत्येक फाइलीची ३२ बाइटांची एक ओळ असते आणि त्या ओळीत फाइलीचा आकार लिहायला चार बाइटांचा रकाना. चार बाइटांत लिहिता येणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्याच्या पुढचा एक बाइटही लिहायला जागा नाही. पेन ड्राइव्ह बत्तीसचा असो की चौसष्टचा, एका फाइलीला रकाना तेवढाच. भाच्याने अर्धवट फाइलीचा आकार बाइटांत काढून दाखवला. ४,२९,४९,६७,२९५. बरोबर तेवढाच, एकही बाइट कमी नाही, जास्त नाही. नवरदेवाचा पाय कुठे हवेत राहणार हे १९९६ साली ठरून गेलं होतं.

तेव्हा त्यात चूक काय होती म्हणा! त्या काळी घरच्या कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क एक-दोन जीबीची असायची. एक फाइल चार जीबीची होईल असं म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. आणि युनिक्सवाल्यांनी या बाबतीत नाक वर करू नये. त्यांनीही चारच बाइटांचा रकाना ठेवला होता. वर त्यातला अर्धा हिस्सा उणे संख्यांना दिला होता, मागे सरकायला आणि चूक झाली की उणे एक म्हणायला. म्हणून जुन्या युनिक्सवर फाइल दोन जीबीला अडायची: २,१४,७४,८३,६४७ बाइट. १९९६ सालीच कंपन्यांनी एकत्र बसून हा रकाना आठ बाइटांचा कसा करायचा ते ठरवलं. त्या बैठकीला नावच मोठ्या फाइलींची शिखर परिषद असं दिलं होतं. तरी पुढची कित्येक वर्षं हालच होते. यंत्र नवं, प्रोग्रॅम जुना. प्रोग्रॅम नवा, जाळ्यावरून फाइल नेणारी व्यवस्था जुनी. एचपीच्या युनिक्सवर तर मोठ्या फाइली चालतील असं डिस्कला वेगळं सांगावं लागायचं, नाही तर ती चालवायची नाही. टार नावाच्या गाठोडं बांधणाऱ्या प्रोग्रॅमच्या जुन्या रिवाजात आकार लिहायला अकराच अंकांची जागा, तीही आठाच्या पाढ्याने मोजलेल्या अंकांची, म्हणजे आठ जीबी झाली की गाठोडं बंद. आमचं लग्न अकरा जीबीचं. म्हणजे ज्याच्या दारात जावं तिथे पाटी लागलेली, फक्त आकडे निराळे.

हा दोन अब्ज चौदा कोटींचा आकडा मोठा हिंडफिऱ्या आहे. दक्षिण कोरियाच्या "गंगनम स्टाइल" गाण्याची प्रेक्षकसंख्या याच आकड्याच्या पुढे गेल्याचं आणि मोजणीचा रकाना मोठा केल्याचं युट्यूबने २०१४ साली जाहीर केलं. ते गाणं आमच्या वरातीतही वाजलं, त्यामुळे मोजणीत आमचाही थोडा हातभार असणार असं नवरदेवाच्या मित्रांचं म्हणणं आहे. जुन्या युनिक्सची घड्याळंही १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच रकान्यात मोजतात. तो रकाना १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो, आणि पुढच्याच सेकंदाला अशा घड्याळात १९०१ साल उजाडेल. मेव्हण्यांनी ही वेळ डायरीत टिपून घेतली आहे. संक्रांत उलटली की आमच्याकडे मुहूर्त सुरू होतात. भटजींना आधीच सांगितलेलं बरं.

खरं म्हणजे आमच्या गावाला हे दुखणं नवीन नाही. दारव्ह्याला मोतीबाग स्टेशन आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची शकुंतला रेल्वे तिथून जायची. ही लाइन सुरू झाली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर काढायला. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर ठेवलं. मूर्तिजापूरला मुंबईची मोठी लाइन, तिचं अंतर १६७६. कापसाची गाठ दारव्ह्याहून निघायची ती ठीक, मुंबईची लाइनही ठीक, पण मूर्तिजापूरला छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढू शकत नाही. म्हणून गाठी उतरवा, मोजा, पलीकडच्या डब्यात भरा. दोष कापसाचा नव्हता, दोन्हीपैकी एकाही गाडीचा नव्हता. ज्याने ७६२ ठरवलं त्यानेही त्या काळचा माल पाहून शहाणपणानेच ठरवलं होतं. आणि एकदा ठरवलं की ते टिकतं. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन या लाइनवर १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. फॅट ३२ ला तर अजून तिशीच्या आसपासची वर्षं झाली आहेत.

युनिक्सवाल्यांनीही आपलं मूर्तिजापूर बांधून ठेवलं आहे. त्याचं नाव स्प्लिट. मोठी फाइल घ्यायची, चार जीबीच्या आतले तुकडे करायचे, तुकडे पेन ड्राइव्हवर न्यायचे आणि पलीकडे कॅट नावाच्या हुकमाने पुन्हा एकापाठोपाठ एक जोडायचे. शेवटी दोन्हीकडे चेकसम काढून मोजणी जुळते का ते पाहायचं. एक बाइट इकडचा तिकडे झाला तर चेकसम ओरडून सांगतो. भाच्याने हे सगळं करून दाखवलं. तुकडे झाले, पेन ड्राइव्हवर गेले, दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडले, मोजणी तंतोतंत जुळली. अभियांत्रिकीचा विजय झाला.

"आता हे टीव्हीवर लाव," विहीणबाई म्हणाल्या.

टीव्हीला कॅट येत नाही.

मग दुसरा उपाय निघाला. पेन ड्राइव्हच नव्या मांडणीत बांधून घ्यायचा. एक्सफॅट नावाची मांडणी २००६ सालापासून आहे, तिच्यात आकाराचा रकाना आठ बाइटांचा. २०१९ मध्ये तिचे तपशील खुले झाले आणि नंतर लिनक्सलाही ती सुखाने वाचता येऊ लागली. पण नव्या मांडणीत बांधायचं म्हणजे आधीचं सगळं पुसायचं. पाहुण्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये काय काय होतं ते यानिमित्ताने उघड झालं. विहीणबाईंची भजनं. मेव्हण्यांचे सातबारे आणि कामगंध सापळे कसे लावावेत याचा व्हिडिओ. आत्याबाईंच्या पेन ड्राइव्हमध्ये त्यांच्या नातवाने ठेवलेलं काहीतरी, ते नातवाने घाईघाईने स्वतःच पुसलं. सगळ्यांचं सामान बाजूला काढून, पेन ड्राइव्ह नव्याने बांधून, अकरा जीबीची अखंड फाइल एकदाची उतरली. यंत्र काही बोललं नाही, आणि या वेळी न बोलण्याचा अर्थ सगळ्यांना समजला.

दुसऱ्या दिवशी दिग्रसहून फोन आला. टीव्ही म्हणतो, पेन ड्राइव्ह दिसतच नाही. विहीणबाईंचा टीव्ही जुना. त्याला फॅट ३२ सोडून दुसरी लिपी वाचता येत नाही. दुकानात विचारलं तर उत्तर आलं: टीव्ही एकदम ओके हाय.

शेवटी आम्ही स्टुडिओवाल्याकडे गेलो. सगळी हकीकत ऐकून तो हसला. "भाऊ, कॅमेऱ्यातलं कार्डबी फॅट बत्तीसच राहते. कॅमेरा सोताच चार-चार जीबीचे तुकडे पाडते. मी राती जागून ते सारे जोडले न." म्हणजे लग्न मुळात तुकड्यांतच टिपलेलं होतं. त्याने कष्टाने जोडलं, आम्ही कष्टाने तोडलं, भाच्याने विद्वत्तेने पुन्हा जोडलं, आणि आता त्यानेच ते परत तोडून द्यावं अशी विनंती आम्ही करत होतो. कापसाची गाठसुद्धा एवढ्या वेळा चढली-उतरली नसेल.

त्याने तीन भाग करून दिले. पहिला भाग हळद आणि वरात, दुसरा लग्न, तिसरा जेवण आणि पाठवणी. प्रत्येक भाग चार जीबीच्या आत, प्रत्येक टीव्हीवर लागणारा. आणि इथे एक गोष्ट उघडकीला आली, जी अखंड फाइलीने झाकून ठेवली होती. कोणालाच तीनही भाग नको होते. नवरदेवाच्या मित्रांनी फक्त पहिला नेला. मेव्हण्यांनी फक्त तिसरा मागितला, कारण जेवणाची देखरेख त्यांच्याकडे होती आणि वांग्याची भाजी कमी पडली नव्हती याचा पुरावा त्यांना हवा होता. दुसरा भाग, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला ते प्रत्यक्ष लग्न, आत्याबाई सोडल्या तर कोणी नेलं नाही.

आत्याबाईंनी तो पुसदला जाऊन पूर्ण पाहिला आणि फोन केला. "अक्षता टाकताना मी एकच सेकंद दिसली. बाकी सारं त्या कॅमेऱ्यावाल्याच्या साडूचंच हाय."

भाच्याने त्यांची समजूत काढली ती ऐकण्यासारखी होती. १९७४ साली रिची आणि थॉम्पसन यांनी युनिक्सबद्दल पहिला गाजलेला लेख लिहिला, त्यात एका फाइलीची कमाल हद्द दिली आहे: १०,४८,५७६ बाइट. त्याच्या तीन वर्षं आधी ती चौसष्ट हजारांच्या आसपास होती. आमच्या फिल्मच्या वेगाने दहा लाख बाइट म्हणजे बरोबर एक सेकंद. "म्हंजे आजी, तवाच्या जगातली सगळ्यात मोठी फाइल एकट्या तुमच्यावर खर्च झाली असती." आत्याबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आताच्या जगात किती सेकंद येते मी?"

हा प्रश्नही तांत्रिकच होता आणि त्याचं उत्तर काढता येतं. लिनक्सवर आजकाल सर्रास असणाऱ्या ईएक्सटी ४ मांडणीत एक फाइल सोळा टीबीपर्यंत जाते. आमच्या फिल्मच्या वेगाने तेवढ्यात दोनशे तीन दिवसांचं सलग लग्न बसतं. आठ बाइटांचा रकाना, उणे संख्यांचा अर्धा हिस्सा सोडून, पुरा वापरला तर सुमारे दोन लाख ब्याण्णव हजार वर्षांचं. एवढ्या वेळात आत्याबाईंना न्याय मिळेल आणि वरातही कदाचित मंडपात पोचेल. पण स्टुडिओवाल्याने परवाच सांगितलं की पुढच्या हंगामापासून तो ड्रोन आणि फोर-के घेऊन येतो आहे. आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड ही सुमारे २८४ किलोमीटरची मोठी लाइन दारव्ह्यावरूनच जाणार आहे. म्हणजे रूळ रुंद होतील, फाइली लांब होतील आणि कुठल्या तरी घरात एक जुना टीव्ही भिंतीवर ओके अवस्थेत लटकलेला असेलच.

धाकट्या भाचीचं लग्न पुढच्या वैशाखात आहे. पत्रिकेचा मजकूर मेव्हण्यांनी स्वतः तपासला. घराण्यांची नावं, मुहूर्त, "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" हे सगळं नेहमीसारखं आहे. फक्त तळाशी, जिथे सगळे जण एकच ओळ छापतात, तिथे त्यांनी दोन छापून घेतल्या आहेत. कृपया आहेर आणू नये. पेन ड्राइव्ह आणल्यास रिकामा, आणि घरचा टीव्ही कुठली लिपी वाचतो ते विचारून आणावा.